वाळवंटातील पाठशाळा : मरू राष्ट्रीय उद्यानात मुलांसमवेत

सहलीचे स्थळ निवडताना पालक आणि शिक्षक सामान्यतः किल्ला, समुद्रकिनारा, धरण किंवा घनदाट अरण्य यांचा विचार करतात. वाळवंट हे मुलांना नेण्याचे ठिकाण आहे, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तेथे पाहण्यासारखे काय असणार, उन्हाचा त्रास तेवढा होणार, अशीच सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः निसर्गाचे नियम समजावून घेण्यास वाळवंटासारखी दुसरी जागा नाही. अरण्यात झाडांच्या गर्दीत जे झाकून जाते, ते वाळवंटात उघड्यावर मांडलेले असते. वारा काय करतो, पाणी कोठे थांबते, रात्री कोणता प्राणी कोठून कोठे गेला, हे सारे तेथील जमिनीवर लिहिलेले असते. मुलांना ते वाचावयास शिकविणे एवढेच वडीलधाऱ्यांचे काम उरते.

राजस्थानातील जैसलमेर आणि बाडमेर या जिल्ह्यांत पसरलेले मरू राष्ट्रीय उद्यान या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. माळढोक या पक्ष्याच्या निमित्ताने महाराष्ट्राशीही त्याचे जवळचे नाते आहे.

उद्यानाची ओळख

थरच्या वाळवंटातील निसर्गाचे रक्षण करण्याच्या हेतूने राजस्थान शासनाने १९८० मध्ये हे क्षेत्र अधिसूचित केले. त्याचे क्षेत्रफळ ३,१६२ चौरस किलोमीटर आहे. नावात राष्ट्रीय उद्यान असा उल्लेख असला, तरी कायद्याच्या परिभाषेत त्यास अभयारण्याचा दर्जा आहे. त्याच्या सीमेच्या आत अनेक गावे आणि ‘ढाणी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वाड्यावस्त्या आहेत. मेंढ्या, शेळ्या, गाई आणि उंट पाळणारे लोक तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत.

वाळवंट म्हणजे केवळ वाळूच्या टेकड्या, ही मुलांची पहिली समजूत येथे दूर होते. उद्यानाचा सुमारे एक पंचमांश भागच टेकड्यांचा आहे. उरलेल्या भागात खडकाळ सपाटी, खारवट तळ आणि सेवण नावाच्या गवताची विस्तीर्ण कुरणे आहेत. पाऊस वर्षाकाठी सरासरी २०० मिलिमीटरहूनही कमी पडतो. मे-जूनमध्ये तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाते, तर हिवाळ्यातील काही रात्री ते शून्याच्या जवळ येते. यास्तव मुलांसह जावयाचे असल्यास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ योग्य होय.

जैसलमेर शहर रेल्वेने जोडलेले आहे. तेथून समच्या टेकड्या सुमारे ४० किलोमीटर, तर वन्यजीव पाहण्यासाठी प्रसिद्ध असलेले सुदासरी हे ठिकाण सुमारे ६० किलोमीटर अंतरावर आहे. उद्यानात प्रवेश करण्यासाठी वन विभागाचा परवाना घ्यावा लागतो. आंतरराष्ट्रीय सीमेलगतच्या काही भागांत जाण्यावर निर्बंध असल्याने जैसलमेर येथे आधी चौकशी करून मगच कार्यक्रम ठरविणे श्रेयस्कर ठरते.

पूर्वतयारी

वाळवंटातील हवा कोरडी असल्याने घाम अंगावर दिसत नाही. तो लागलीच वाळून जातो. त्यामुळे शरीरातील पाणी कमी होत असल्याचे मुलांच्या ध्यानात येत नाही आणि तहान लागण्याची वाट पाहिल्यास उशीर होतो. थंडीच्या दिवसांतही प्रत्येक मुलाजवळ स्वतःची पाण्याची बाटली असावी आणि ठरावीक वेळाने त्याला पाणी पाजावे. साखर-मिठाचे पाणी करण्याचे साहित्य बरोबर ठेवावे. डोके दुखणे, चक्कर येणे, मळमळणे यांपैकी काही जाणवल्यास मुलास ताबडतोब सावलीत न्यावे.

पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, रुंद कडांची टोपी, बंद बूट आणि सायंकाळसाठी लोकरीचे कपडे आवश्यक आहेत. सकाळी बूट घालण्यापूर्वी ते उलटे करून झटकण्याची सवय मुलांना पहिल्याच दिवशी लावावी. विंचू आश्रयासाठी अशा जागा शोधतात. बिळात हात घालू नये, झुडपाखाली पाय टाकू नये, हे दोन नियम तर कोणत्याही सबबीवर मोडता कामा नयेत. साहित्य म्हणून वही, पेन्सिल, मोजपट्टी, साधा तापमापक, दोरीचा तुकडा आणि शक्य झाल्यास एक दुर्बीण एवढे पुरेसे आहे.

पहाटेचे वाचन

दिवसाचा पहिला कार्यक्रम सूर्योदयाबरोबर सुरू व्हावा. वाळवंटातील बरेच प्राणी रात्री हिंडतात आणि दिवसा बिळात राहतात. त्यांच्या हालचालींची नोंद वाळूवर उमटलेली असते. पण सकाळचा वारा सुटला की ती पुसली जाते. हे कळले की मुले आपण होऊन लवकर उठतात.

भुंगेऱ्याच्या पायांची रांग शिवणीच्या टाक्यांसारखी दिसते. चिंकाऱ्याच्या खुरांचे दोन निमुळते ठसे जोडीने उमटतात. खोकडाचा ठसा लहान कुत्र्यासारखा असतो. मात्र त्याची पावले बरीचशी एका रेषेत पडतात. सांडा हा शाकाहारी सरडा चालतो तेव्हा दोन्ही बाजूंना पायांचे ठसे आणि मधोमध शेपटीची रेघ उमटते. सुट्या, तिरप्या रेघांची ओळ दिसली, तर तेथून फुरसे गेले असण्याचा संभव असतो. वाळूवर ते अंग आडवे टाकीत सरकते. अशा जागी मुलांनी थांबावे आणि वडीलधाऱ्यांना बोलवावे.

प्रत्येक ठशाजवळ मोजपट्टी ठेवून त्याचे चित्र वहीत काढावे. प्राणी कोणत्या दिशेने गेला, तो चालत होता की धावत होता, वाटेत कोठे थांबला, असे प्रश्न मुलांना विचारावेत. उत्तर लगेच सांगू नये. दोन मुलांची उत्तरे निराळी आली, तर प्रत्येकाने आपल्या उत्तराचा पुरावा दाखवावा. शास्त्रीय दृष्टी म्हणून जिचा उल्लेख पाठ्यपुस्तकांत केला जातो, ती याहून वेगळी नाही.

वाळूची टेकडी कशी उभी राहते

समच्या टेकड्यांवर मुले घसरगुंडी खेळतात, ती त्यांना अवश्य खेळू द्यावी. खेळून झाल्यावर मात्र एक गोष्ट त्यांच्या निदर्शनास आणावी. टेकडीची एक बाजू उतरती आणि चालण्यास सोपी असते, तर दुसरी बाजू तीव्र उताराची असते. वारा सोप्या बाजूने वाळूचे कण वर ढकलतो आणि शिखरावरून ते पलीकडे कोसळतात. म्हणजे टेकडी पाहून वारा कोठून वाहत होता, हे वारा नसतानाही सांगता येते.

मुलांनी मुठीतून कोरडी वाळू एकाच जागी सोडावी. लहानसा ढीग तयार होतो. आणखी वाळू घातली तर ढीग मोठा होतो, परंतु त्याचा उतार बदलत नाही. तो सुमारे ३२ ते ३४ अंशांवर स्थिर राहतो. मुठीतील ढिगाचा आणि समोरच्या टेकडीच्या तीव्र बाजूचा उतार जवळजवळ सारखाच असतो. शाळेतील कंपासपेटीतील कोनमापक आणि दोरीला बांधलेला खडा यांच्या साहाय्याने हे मोजता येते.

दुसरा प्रयोग तापमापकाचा. दुपारी दोन वाजता वाळूच्या पृष्ठभागाचे, एक वीत खोलीचे आणि सावलीतील हवेचे तापमान नोंदवावे. हीच नोंद सूर्योदयाच्या वेळी आणि रात्री नऊ वाजता घ्यावी. तापमापक खुपसण्याऐवजी मोठ्या माणसाने उघड्या वाळूत खळगा करून तो अलगद ठेवावा. वरची वाळू दिवसा तापते आणि रात्री झपाट्याने निवते, पण खालच्या थरात फारसा फरक पडत नाही, हे आकड्यांवरूनच दिसून येते. सांडा बिळात का राहतो आणि सायंकाळी बिळाचे तोंड मातीने का बंद करून घेतो, या प्रश्नांची चर्चा मग या आकड्यांच्या आधारे करता येते.

माळढोकाची प्रतीक्षा

सुदासरीच्या कुरणात पाहावयाचा मुख्य पक्षी म्हणजे माळढोक. राजस्थानात त्याला गोडावण म्हणतात आणि १९८१ पासून तो त्या राज्याचा राज्यपक्षी आहे. सुमारे एक मीटर उंचीचा हा पक्षी उडणाऱ्या पक्ष्यांतील अत्यंत वजनदार पक्ष्यांपैकी एक असून नराचे वजन १५ किलोपर्यंत भरू शकते. मादी एका विणीत सामान्यतः एकच अंडे घालते आणि तेही उघड्या जमिनीवर.

माळढोक दिसेलच असे आश्वासन मुलांना कधीही देऊ नये. जगात आता या पक्ष्यांची संख्या दीडशेहून कमी असल्याचे मानले जाते आणि त्यांतील बहुसंख्य याच भूप्रदेशात आहेत. म्हणून येथील कार्यक्रमाचे स्वरूप शोधाचे नसावे. ते प्रतीक्षेचे असावे. एका जागी अर्धा तास न बोलता बसावयाचे आणि त्या वेळात जे दिसेल, जे ऐकू येईल, ते नोंदवावयाचे. गरुड, गिधाडे, चिंकाऱ्यांचे कळप, पाण्यावर उतरणाऱ्या पखुर्ड्या असे बरेच काही या अर्ध्या तासात वहीत येते. पखुर्डीचा नर पोटाची पिसे पाण्यात भिजवून पिल्लांसाठी पाणी घेऊन जातो, ही माहिती त्या पक्ष्याकडे पाहत असताना मिळाली, तर ती मुलांच्या कायम स्मरणात राहते.

माळढोक इतका दुर्मीळ का झाला, हे मुलांपासून लपवून ठेवण्याचे कारण नाही. पूर्वी त्याची शिकार झाली. पुढे कुरणे नांगराखाली आली आणि कालव्याच्या पाण्याबरोबर पिकांचे स्वरूपही पालटले. अलीकडच्या काळात विजेच्या तारा हे मोठे संकट ठरले आहे. या पक्ष्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने समोरचे त्याला कमी दिसते. तार ध्यानात येईपर्यंत ती फार जवळ आलेली असते आणि जड शरीरामुळे ऐनवेळी दिशा बदलणे त्याला साधत नाही.

याच प्रदेशात सूर्यप्रकाश आणि वारा यांपासून मोठ्या प्रमाणावर वीजनिर्मिती होते आणि देशाला तिची गरज आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये या क्षेत्रातील तारा भूमिगत करण्यासंबंधी आदेश दिले होते. मार्च २०२४ मध्ये त्या सरसकट आदेशात बदल करून न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली. एका बाजूला प्रदूषणरहित वीज आणि दुसऱ्या बाजूला नामशेष होण्याच्या काठावर असलेला पक्षी, असा हा पेच आहे. वरच्या वर्गांतील मुलांना या विषयावर वादविवाद करण्यास सांगावे. दोन्ही पक्ष खरे असतात तेव्हा निर्णय कसा घ्यावयाचा, याचे शिक्षण नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून क्वचितच मिळते.

प्रयत्नांची दुसरी बाजूही मुलांना सांगितली पाहिजे. केंद्र शासन, राजस्थान शासन आणि भारतीय वन्यजीव संस्था यांच्या सहकार्याने सम येथे २०१९ पासून माळढोकाचे कृत्रिम प्रजनन केंद्र चालविले जात आहे. रानातून काळजीपूर्वक आणलेली अंडी तेथे उबविण्यात आली. २०२४ मध्ये कृत्रिम रेतनाच्या मार्गानेही पिल्लू जन्मास आले. पिल्ले वाढविणे शक्य झाले आहे. परंतु मोठी झाल्यावर ती सोडावयाची कोठे, या प्रश्नाचे उत्तर अखेरीस कुरणांवरच अवलंबून राहणार आहे.

दगड झालेले अरण्य

जैसलमेरहून बाडमेरच्या रस्त्यावर सुमारे १७ किलोमीटर अंतरावर अकल येथे जीवाश्म उद्यान आहे. सुमारे २१ हेक्टर उघड्या जमिनीवर दगड झालेल्या वृक्षांची खोडे पडलेली आहेत. ती सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीची आहेत. सर्वांत मोठे खोड १३ मीटरांहून अधिक लांब आहे.

मुलांनी दोरीने खोडाची लांबी मोजावी, सालीच्या खुणा निरखाव्यात आणि चित्र काढावे. आज जेथे खेजडी आणि केर यांखेरीज फारसे झाड दिसत नाही, तेथे एके काळी उष्ण व दमट हवेतील उंच वृक्ष होते, या एका गोष्टीतून भूगोल आणि काळ यांचा संबंध उलगडतो. येथील एकही खडा उचलून आणू नये. प्रत्येक पाहुण्याने एक तुकडा नेला तर पुढच्या पिढीसाठी काय उरेल, याचे गणित मुलांनाच मांडू द्यावे.

पाण्याचा हिशेब

उद्यानातील किंवा जवळपासच्या एखाद्या गावात ग्रामस्थांच्या संमतीने दोन तास घालविणे हा सहलीचा अत्यंत उपयुक्त भाग ठरतो. येथील लोकांनी पावसाचा प्रत्येक थेंब साठविण्याच्या पद्धती शोधून काढल्या आहेत. ‘टांका’ म्हणजे जमिनीखालील बंद हौद. सभोवतालच्या स्वच्छ ठेवलेल्या उतारावरील पाणी त्यात उतरते. ‘बेरी’ ही अरुंद तोंडाची विहीर वाळूत मुरलेले पाणी हाती देते. ‘खडीन’ म्हणजे उताराच्या तळाशी घातलेला मातीचा लांब बांध. त्याच्या मागे पाणी साचून मुरते आणि त्या ओलाव्यावर गहू किंवा हरभरा घेतला जातो. जैसलमेर परिसरातील पालीवाल समाजाने ही पद्धत विशेषेकरून विकसित केली.

येथे एक उदाहरण सोडवून घ्यावे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होते. मग १०० चौरस मीटर जागेवर वर्षात १५० मिलिमीटर पाऊस पडल्यास १५,००० लिटर पाणी मिळते. पाच माणसांच्या कुटुंबात ते वर्षभर पुरवावयाचे, तर प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाला सुमारे आठ लिटर येते; गळती आणि बाष्पीभवन धरल्यास त्याहूनही कमी. आपण सकाळी स्नानाला किती पाणी घेतले, असे यानंतर मुलांना विचारावे. निराळा उपदेश करण्याची गरज राहत नाही.

खेजडी म्हणजे आपल्याकडील शमी. दसऱ्याच्या पूजेमुळे मराठी मुलांना तिचे नाव ठाऊक असते. थरमध्ये तिची पाने जनावरांचा चारा होतात आणि कोवळ्या शेंगांची भाजी होते. जोधपूरजवळील खेजडली येथे १७३० मध्ये खेजडीची झाडे वाचविताना अमृतादेवी यांच्यासह बिश्नोई समाजाच्या ३६३ व्यक्तींनी प्राणार्पण केले. ‘ओरण’ या नावाने राखलेली देवाची कुरणे व राने आजही या भागात आहेत. आपल्याकडील देवराईशी त्यांचे साम्य मुलांच्या सहज ध्यानात येते.

ध्रुव किती उंच

गावाच्या दिव्यांपासून दूर गेल्यास हिवाळ्यातील आकाश येथे अतिशय स्वच्छ दिसते. कृत्तिका, मृग आणि व्याध ही ओळख करून दिल्यावर ध्रुव शोधावा. हात पुढे ताठ धरला असता मूठ आकाशाचा सुमारे दहा अंशांचा भाग झाकते. जैसलमेर येथे क्षितिजापासून ध्रुवापर्यंत पावणेतीन मुठी भरतात, सोलापुरात पावणेदोनच. जैसलमेरचा अक्षांश सुमारे २७ आणि सोलापूरचा सुमारे १७.७ आहे. ध्रुवाची उंची म्हणजेच आपला अक्षांश, हे मुलांनी स्वतःच्या मुठीने मोजून पाहिले म्हणजे नकाशावरील आडव्या रेषांना अर्थ प्राप्त होतो. घरी परतल्यावर हीच मोजणी पुन्हा करण्यास सांगावे.

शिस्त कोणासाठी

उद्यानातील नियम मुलांना आज्ञा म्हणून सांगण्यापेक्षा कारणासह सांगितल्यास ते पाळले जातात. उरलेले अन्न टाकावयाचे नाही, कारण त्यावर भटकी कुत्री पोसली जातात आणि तीच पुढे जमिनीवरील अंडी, पिल्ले व चिंकाऱ्याची पाडसे मारतात. गाडी ठरलेल्या वाटेवरूनच न्यावयाची, कारण चाकाखाली सांड्याची बिळे आणि सेवणाची मुळे चिरडली जातात. कर्णे वाजवावयाचे नाहीत, कारण तेथे राहणाऱ्यांचे ते घर आहे. मोठ्या माणसांनीच या गोष्टी मोडल्या तर मुलांना सांगितलेले सारे व्यर्थ जाते.

आपल्या गावचा माळ

प्रत्येक शाळेला राजस्थानापर्यंत सहल नेणे शक्य नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. माळढोक हा महाराष्ट्राच्या माळरानांचाही पक्षी आहे. त्याच्या रक्षणासाठी १९७९ मध्ये सोलापूर आणि तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांत अभयारण्य घोषित करण्यात आले. त्याचे मूळ क्षेत्र सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर होते. त्यात असंख्य गावे व शेते समाविष्ट असल्याने लोकांच्या अडचणी वाढल्या आणि पुढे हे क्षेत्र बरेच कमी करण्यात आले. सोलापूरजवळील नान्नज येथे एके काळी नियमाने दिसणारा माळढोक आता क्वचितच दृष्टीस पडतो. कागदावरची सीमा मोठी असूनही पक्षी वाचतोच असे नाही. भोवतालच्या लोकांना त्याचे राहणे आपलेसे वाटावे लागते.

गवताळ माळाची गणना बहुधा पडीक जमिनीत होते. तेथे खड्डे खणून झाडे लावली की विकास झाला, असे मानले जाते. मात्र उघड्या गवतात राहणाऱ्या माळढोकाला, चिंकाऱ्याला आणि खोकडाला दाट झाडी मानवत नाही, आणि गावच्या जनावरांचा चाराही त्याच गवतातून येतो. गायरानाचा उपयोग कसा करावयाचा, हा विषय ग्रामपंचायतीपुढे येतो तेव्हा तेथे आज काय राहते, काय उगवते, याची नोंद समोर असणे हितावह ठरेल. ती नोंद गावच्या शाळेतील मुले करू शकतात. ठसे, गवते, पक्षी, पाण्याच्या जागा आणि तापमान यांची वर्षभर ठेवलेली एक वही त्यासाठी पुरेशी आहे. मरू उद्यानातील जे कार्यक्रम वर सांगितले, त्यांपैकी दगडी खोडे सोडल्यास बहुतेक सर्व गावच्या माळावर, शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर, पुढच्या शनिवारी सकाळीही करता येतील.